बेवारस गवत

पनवेल परिसरातल्या मोकळ्या प्लॉटला वर्षातून तीन रंग चढतात. आषाढ-श्रावणात हिरवा, कार्तिक-मार्गशीर्षात पिवळा आणि फाल्गुन-चैत्रात काळा. हिरव्याबद्दल कुणाची तक्रार नसते, उलट खिडकीतून बरा दिसतो. काळा झाला की दोन दिवस चर्चा होते. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरतात, ‘कुणीतरी काडी टाकली’ यावर एकमत होतं आणि विषय मिटतो. मधला पिवळा मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. हा लेख त्या पिवळ्या दिवसांबद्दल आहे. दिवाळी अंक हातात पडतो तोही नेमका त्याच सुमाराला.

वणवा म्हटलं की आपल्याला डोंगर आठवतो, आणि पनवेलला डोंगरांची वाण नाही. पूर्वेला माथेरानची रांग, तिच्या अलीकडे प्रबळगड आणि कलावंतीण, उत्तरेकडे चंदेरी आणि मलंगगड, दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा, आणि खारघरच्या डोक्यावर पांडवकड्याचा डोंगर. मार्च-एप्रिलच्या रात्री द्रुतगती मार्गावरून येणाऱ्यांना यातल्या एखाद्या उतारावर नारिंगी रेघ सरकताना दिसते. गाडीच्या काचा खाली करून तिचे व्हिडिओ काढणारेही असतात. लांबून ती रेघ देखणी दिसते, हे कबूल करायला हवं. जवळ गेलं तर त्या रेघेच्या पुढे पळणारे ससे आणि मागे राहिलेली जळकी खोडं दिसतात.

महाराष्ट्राचं वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं. खात्याची तयारी त्याआधी सुरू होते. जंगलाच्या कडेने आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गवत कापून, वाळलेला पाला झाडून किंवा ब्लोअरने उडवून पट्टे मोकळे करायचे, म्हणजे आग आली तरी तिला पुढे जायला खाद्य मिळत नाही. याला जाळरेषा म्हणतात. १९६८ साली जाहीर झालेलं कर्नाळा पक्षी अभयारण्य जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं आणि त्याच्या पोटातून मुंबई-गोवा महामार्ग गेलेला. तिथे जाळरेषा काढली नाही तर चालत्या गाडीतून फेकलेलं एक थोटूक पुरतं.

जाळरेषा वनखात्याच्या हद्दीपर्यंत जाते. हद्दीच्या पलीकडे खासगी जमीन, एन.ए. प्लॉट, फार्महाउसची तारकुंपणं, सिडकोचे भूखंड. तिथे रेषा काढायला कुणी येत नाही, कारण ते काम कुणाच्याच कागदावर नाही. आगीला सातबारा वाचता येत नाही, ती गवत बघून पुढे जाते.

डोंगरातली आग खाली येते आणि प्लॉट जाळते, अशी आपली समजूत असते. पूर्वेकडच्या डोंगरांच्या बाबतीत बऱ्याचदा उलट घडू शकतं. दुपारनंतर खाडीकडून खारा वारा सुटतो तो पश्चिमेकडून पूर्वेकडे. आग चढावर वेगाने पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. म्हणजे नेऱ्याकडच्या किंवा मालडुंग्याच्या रस्त्याकडेच्या एखाद्या प्लॉटवर दुपारी तीन वाजता कचरा पेटवला, तर त्याला वारा आणि चढ दोन्ही एकाच दिशेने रेटतात. वर ठाकूर आणि कातकऱ्यांच्या वाड्या असतात. कारवीच्या कुडाची घरं, घरालगत पेंढ्याची उडवी, बाजूला गोठा. शहराच्या कडेला टाकलेल्या काडीचा हिशोब ज्यांनी ती टाकलेली नसते त्यांच्याकडे जाऊन चुकता होतो. वाडीतली माणसं हिरव्या डहाळ्या तोडून आग झोडपत विझवतात. तिथपर्यंत बंब चढत नाही.

वाड्यांवरची माणसंही वणवे लावतात, हे खरं आहे. जाळलं की पावसात गवत कोवळं येतं हा जुना समज आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. पहिले कोंभ लवकर फुटतात. पण दरवर्षी जाळलं तर टिकतात ती आगीला न जुमानणारी गवतं. कुसळीचंच बघा. तिच्या बीला पीळ पडलेली लांब शेपटी असते. दव किंवा पावसाचा थेंब लागला की ती शेपटी उलगडते, सुकली की पुन्हा पिळते, आणि या हालचालीत बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. वरून आग गेली तरी आतलं बी सुरक्षित. मोज्यांत अडकणारं, पायाला टोचणारं कुसळ ज्या तंत्राने मातीत शिरतं, त्याच तंत्राने ते वणव्यातून वाचतं. म्हणून जळक्या डोंगरावर आणि जळक्या प्लॉटवर पुढच्या वर्षी कुसळी आणखी दाट दिसते. जोडीला रानमोडी. तिचं वरचं अंग जळून गेलं तरी बुंध्यातून नवे फुटवे येतात, आणि तिची बी वाऱ्याबरोबर उडून मोकळी झालेली जागा पटकावते. आगीने रान साफ होतं असं म्हणणाऱ्याने त्याच जागेवर पुढच्या ऑक्टोबरात उभं राहून बघावं.

आता प्लॉटकडे येऊ.

करंजाडे, तळोजे पाचनंद, पुष्पक नगर, खारघरची मागची बाजू, कुठेही जा. रस्ता झालेला, गटार झालेलं, दिव्याचे खांब उभे. दोन इमारतींच्या मध्ये एक मोकळा तुकडा. कुठे सिमेंटच्या खांबांचं आणि पत्र्याचं कुंपण, कुठे नुसता बोर्ड, ज्यावर मालकाचं नाव आणि ‘अतिक्रमण करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल’ अशी तंबी. आत कमरेएवढं गवत. थोडं आत शिरलं की कळतं, ते नुसतं गवत नाही. तळाला गेल्या वर्षीच्या काड्यांचा थर, त्यावर यंदाचं वाळलेलं गवत, त्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, फ्लॅट दुरुस्तीतून रात्री आणून ओतलेलं डेब्रिज, थर्मोकोल, दारूच्या बाटल्या, जुनी गादी. कडेला सुबाभळीची रोपं, जी कुणी लावलेली नसतात आणि दोन पावसात डोक्याच्या वर जातात. मधून कुणी तरी पायवाट पाडलेली. एका कोपऱ्यावर महावितरणची डीपी, तिच्या जाळीच्या आतपर्यंत वेल चढलेला. कुंपणाला टेकून दुचाकींची रांग.

गवत एकटं जळलं तर काही मिनिटांत जळून जातं. ही गादी, हा थर्मोकोल आणि पिशव्या मात्र तासन्‌तास धुमसतात, आणि तो धूर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या घरांत शिरतो. डेब्रिजखाली दबलेली आग वरून विझल्यासारखी दिसते. बंब निघून गेल्यावर वाऱ्याची झुळूक आली की पुन्हा धरते.

ही बारीक गोष्ट आहे असं वाटत असेल तर लाहायना आठवावं. हवाईतल्या माउई बेटावरचं हे गाव ८ ऑगस्ट २०२३ रोजी एका दुपारी-संध्याकाळी जळालं. १०२ माणसं गेली, बावीसशेच्या आसपास इमारती राख झाल्या. चौकशीत निघालं ते असं. सकाळी तुटलेल्या वीजवाहिन्यांत पुन्हा प्रवाह सोडला गेला, त्यातून वाढलेल्या गवताला आग लागली. जवानांनी ती विझवली, बराच वेळ थांबले आणि दुपारी दोनच्या पुढे निघून गेले. तासाभराच्या आत धुमसत राहिलेला एखादा निखारा वाऱ्याने जवळच्या गवताने भरलेल्या घळीत उडाला आणि पुढचं सगळं घडलं. त्या गावाभोवती पूर्वी उसाची शेती होती. साखर कारखाना १९९९ साली बंद पडला, ऊस गेला आणि पडीक जमिनीवर परदेशी गवतं माजली. त्यातलं एक गिनी गवत. आपल्याकडे हेच गवत दुभत्या जनावरांसाठी मुद्दाम लावतात, कारण ते कापलं जातं. कापणारा हात निघून गेला की तेच गवत गाव जाळू शकतं.

पनवेल म्हणजे लाहायना नव्हे. आपली हवा दमट, आपली घरं सिमेंट-काँक्रीटची, त्यांची लाकडी. प्लॉटवरच्या गवतामुळे इथे वस्तीच्या वस्ती जळून जाईल असं म्हणणं भीती विकण्यासारखं होईल. इथे जातं ते वेगळं: दुचाकी, केबल, बाजूच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, वाडीवरचा गोठा आणि उडवी, आंब्याची दोन-तीन वर्षांची कलमं, दम्याच्या माणसाची रात्र. आणि टिटवी. ती मार्चपासून मोकळ्या जमिनीवर, खड्यांच्या मध्ये खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते. आपण प्लॉट पेटवायला निवडतो तेच हे महिने.

याच जमिनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी भाताची खाचरं होत्या, तेव्हा असं का होत नव्हतं?

कारण गवताला तेव्हा धनी होता. किंबहुना अनेक होते. बांधावरचं गवत विळ्याने कापून गुरांना जायचं. पीक निघालं की खाचरात गुरं मोकळी सुटायची आणि कापणीनंतर उरलेली धाटं, कडेचं हिरवं, सगळं साफ व्हायचं. ओल असलेल्या खाचरात वाल टोकला जायचा. देशावरून घाट उतरून येणारे धनगर दिवाळीनंतर कोकणात मेंढरं आणायचे. शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देऊन आपल्या शेतात मेंढरं बसवून घ्यायचा. मेंढरांनी गवत खाल्लं, लेंड्यांचं खत झालं. आणि जाळलं जायचंच, नाही असं नाही. राब भाजल्याशिवाय रायगडात भाताची रोपं कुणी केली नाहीत. पण राब रचताना आधी शेण, मग फांद्या-पाला, मग गवत, आणि वरून मातीचा थर, असा क्रम असतो. कडेचं गवत ओढून घेतात, वारा पडलेला बघतात, पेटवणारा शेवटपर्यंत तिथेच उभा असतो. आगीला वेळ आणि सीमा होती.

पोपटी लावणाऱ्याला हे अजून येतं. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पनवेलपासून अलिबागपर्यंत पोपट्या लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, कुणाची कोंबडी, कुणाची अंडी. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती सुकं गवत, काटक्या, शेणी लावून पेटवायचं. जाणता माणूस आधी काय करतो ते बघा. तो जागा निवडतो, मडक्याभोवती चार-पाच पावलं गवत फावड्याने खरवडून माती उघडी करतो आणि बादलीभर पाणी जवळ ठेवतो. शेंगा शिजल्या की नाही हे तो मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारून, चर्र आवाजावरून ओळखतो. शेवटी निखाऱ्यांवर पाणी मारून, पायाने माती ओढून मगच पानं मांडतो. हीच जाळरेषा, फक्त अंगणाएवढी. हल्ली पोपटीची पार्टी प्लॉटवर होते, मडकं भाड्याने येतं आणि खरवडायचं राहून जातं.

हे सगळं बदलत गेलं. नवी मुंबई वसवायला १९७० मध्ये सिडको आली, जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तानफाट्याच्या आंदोलनात शेतकऱ्यांचं रक्त सांडलं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. ज्याची जमीन गेली त्याला विकसित भूखंड परत मिळू लागला. विमानतळासाठी ज्यांची गावं उठली त्यांना साडेबावीस टक्के. हा न्याय होता, आणि त्यासाठी माणसं मेली आहेत, म्हणून त्याबद्दल हलकेपणाने बोलू नये. पण खाचर गेलं आणि भूखंड आला, तेव्हा जमिनीबरोबर मिळणारी एक गोष्ट सुटली, गवताची निगा. गुरं नाहीत, विळा नाही, वाल नाही. गवत तेवढं दरवर्षी न चुकता येतंय. पाऊस कमी झालेला नाही. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाण्यावर दगडातूनही गवत येतं.

एका भूखंडाचा धनी शोधायला निघा. वाटपपत्रावर आजोबांचं नाव. आजोबा वारले, वारस पाच, त्यातल्या दोघांचं पटत नाही, दावा न्यायालयात. एकाने बिल्डरबरोबर त्रिपक्षीय करार केला आहे, बिल्डर बाजाराची वाट बघतोय. जमीन भाडेपट्ट्याची, म्हणजे मूळ मालकी सिडकोची. कर पनवेल महानगरपालिकेचा, जी १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. डीपी महावितरणची. कुंपणाबाहेरचं गटार आणखी कुणाचं. गवतासाठी तक्रार करायची तर अर्ज कुणाच्या नावे लिहायचा इथपासून सुरुवात. ‘नैना’ क्षेत्रात, म्हणजे विमानतळाभोवती २०१३ मध्ये जाहीर झालेल्या पट्ट्यात, गुंतवणूक म्हणून घेतलेले प्लॉट आणखी लांबच्या माणसांचे. मालक दादरला, ठाण्याला, कुणी दुबईला. प्लॉट बघायला येतात ते मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत. तेव्हा तो जळून साफ झालेला असतो, आणि मालकाला वाटतं, बरं झालं, गवत काढायचा खर्च वाचला.

सरकारी कागदांत मोकळ्या भूखंडाबद्दल कळकळ आहे, पण ती इमारतीची. भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडावर ठरलेल्या मुदतीत बांधकाम केलं नाही तर सिडको अतिरिक्त अधिमूल्य आकारते. कारण उघड आहे, जमीन अडवून ठेवू नये. बांधकाम लांबलं म्हणून पैसे वसूल होतात, तर त्याच लांबलेल्या काळात प्लॉट कसा ठेवला याचा हिशोब त्याच पावतीला का जोडू नये? मुदतवाढ मागताना गवत कापल्याचा फोटो जोडणं सक्तीचं करा. माझ्या मते याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

जाळण्याविरुद्ध मात्र कायदे आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५ हजार रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेचा पालापाचोळा वेगळा ठेवायला सांगितलं. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय ज्यांना जंगलात चराईचे किंवा लाकूडफाट्याचे हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे असंही तोच कायदा सांगतो. वाडीवरच्या कातकऱ्यावर हे कर्तव्य आहे. खाली रस्त्याकडेला प्लॉट घेऊन ठेवलेल्यावर तसं काही नाही. उपग्रहाचीही इथे मदत होत नाही. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींचे इशारे देतं आणि नोंदणी केली तर ते आपल्याही मोबाईलवर येतात. पण ज्या उपग्रहांवरून ते येतात ते ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातात आणि त्यांचा एक ठिपका पावणेचारशे मीटरचा. वीस मिनिटांत जळून गेलेला शंभर मीटरचा भूखंड त्यांच्या डोळ्यांतून सहज निसटतो. त्याला बघणारा डोळा समोरच्या गॅलरीतलाच.

रिकाम्या प्लॉटसाठी नियम करता येतो का, हे दुसरीकडे बघता येईल. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ च्या वणव्यात जवळजवळ पूर्ण गेलं. ८५ मृत्यू, अठरा हजारांहून जास्त बांधकामं नष्ट. २०१० च्या जनगणनेत तिथे २६ हजार लोक होते, २०२० मध्ये पाच हजारही भरले नाहीत. घरं गेली, माणसं गेली, प्लॉट राहिले. राख आणि राडारोडा उचलून नेल्यावर हजारो रिकाम्या प्लॉटवर गवत आणि स्कॉच ब्रूम नावाचं परकं झुडूप माजलं. जे परत येऊन घर बांधत होते त्यांच्या दोन्ही बाजूंना पुन्हा जळण उभं राहिलं. तिथे रिकामा प्लॉटही मालकाने साफ ठेवलाच पाहिजे असा स्थानिक नियम आहे. शेळ्यांचे कळप लावून प्लॉट चारले जातात. वाळकं गवत चार इंचांच्या वर ठेवू नये आणि ते सकाळी दहाच्या आत, वारा नसताना कापावं, हे तिथलं अग्निशमन खातं सांगतं, कारण यंत्राचं पातं दगडावर आपटून उडालेल्या ठिणगीनेही वणवे लागले आहेत. ते लोक घर गमावून हे शिकले. आपल्याला ते फुकट मिळतंय.

आता कामाचं.

गवत कापायची वेळ पिवळं झाल्यावर नाही, त्याच्या जरा आधी. आपल्याकडची बहुतेक गवतं सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलोऱ्यावर येतात. बी पडण्याआधी एकदा कापलं तर पुढच्या वर्षीचं थोडं कमी होतं, आणि ते हिरवं असल्याने जनावरांना चालतं, अर्थात काच-प्लास्टिक नसलेल्या जागेवरचंच. परतीचा पाऊस लांबला की फुटवा पुन्हा येतो, म्हणून दुसरी कापणी डिसेंबरात, सकाळच्या दवात. विळ्याने कापणारी माणसं आता मिळत नाहीत. नाक्यावर ग्रास कटरवाले मिळतात. त्यांना दगडगोट्यांच्या जागेवर धातूचं पातं न लावता नायलॉनची दोरी लावायला सांगा. पायात गमबूट हवेत. सुक्या गवतात घोणस असते आणि ती पालापाचोळ्याच्या रंगाची असते.

जेसीबी लावू नका. हे मी जरा जोर देऊन लिहितोय, कारण पनवेलमध्ये ‘प्लॉट साफ केला’ याचा अर्थ बऱ्याचदा जेसीबी फिरवला असाच असतो. तासाभरात लाल माती चकाकते आणि मालक समाधानाने फोटो काढतो. जेसीबीच्या दातांनी गवताची मुळं उपटलेली असतात, आणि गवताची मुळंच माती धरतात. जूनच्या पहिल्या सरीत ती माती गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून गाढी नदीत. मग जुलैत रस्त्यावर पाणी साचलं की आपण महापालिकेला शिव्या देतो. शिवाय उकरलेली जमीन म्हणजे गाजर गवताला आणि रानमोडीला आमंत्रण. चार इंचांचं खुंट ठेवून कापलं तर आगीला धरायला काही नाही आणि मातीला धरायला मुळं आहेत.

कापलेलं गवत तिथेच ढीग करून ठेवलं तर उभी आग आडवी केली एवढंच. पातळ पसरून टाकावं किंवा खड्ड्यात पुरावं. जागा नसेल तर निदान डीपीपासून, कुंपणापासून आणि गाड्यांपासून लांब न्यावं. सगळा प्लॉट कापणं परवडत नसेल तर कडेने दोन-तीन मीटरचा पट्टा तरी. आतली टाकळ्याची, तेरड्याची जागा राहू दे.

आणि प्लॉट जळूनच गेला तर? पहिलं काम म्हणजे खोडं आणि डेब्रिजचे ढीग तपासणं. पाणी मारून फावड्याने उलथून पुन्हा पाणी मारायचं, हाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागते का बघायची. दुसऱ्या दिवशी दुपारी परत एक फेरी. होरपळलेली झाडं लगेच तोडू नयेत. साल नखाने खरवडली आणि आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. पळस, कुंभा, ऐन, साग ही आपली झाडं आगीतून पुन्हा फुटणारी आहेत, त्यांना एक पावसाळा द्यावा. काळ्या जमिनीवर डेब्रिजच्या गाड्या फार लवकर येतात, जळका प्लॉट म्हणजे बेवारस अशीच समजूत असते, तेव्हा कुंपणाची तोंडं आधी बंद करावीत. रानमोडी उपटायची ती जूनमध्ये, पहिल्या पावसाने माती मऊ झाल्यावर, मुळासकट. फेब्रुवारीत कापलेली रानमोडी फक्त छाटलेली असते. उतारावरची जागा असेल तर पावसाआधी आडव्या रेषेत दगड किंवा जळक्या फांद्या लावून ठेवल्या की राखेबरोबर माती वाहून जात नाही.

याहून बरा उपाय म्हणजे जागा वापरात ठेवणं. इमारत होईपर्यंत शेजारच्या सोसायटीला किंवा गावातल्या एखाद्या बाईला भाजीपाल्यासाठी लेखी परवानगीने द्यावी. लेखी यासाठी, की ‘उद्या कब्जा सांगितला तर’ ही भीती खरी असते आणि ती तोंडी विश्वासाने जात नाही. अकरा महिन्यांचा साधा करार वकील करून देतो. पहिल्या वर्षी वाल टोकला तरी चालेल. खर्च असा नाहीच, आणि माघात पोपटीला शेंगा घरच्या.

सोसायट्यांनीही मालकाची वाट बघत बसू नये. आपल्या भिंतीला लागून असलेला दोन मीटरचा पट्टा मालकाला कळवून आपणच कापला तर त्याचा वर्षाचा खर्च गणपतीतल्या एका संध्याकाळच्या ऑर्केस्ट्र्यापेक्षा कमी येतो. दिवाळीत रॉकेट उडवायची जागा ठरवताना समोरचं गवत बघावं. रॉकेट वर जाताना सगळे बघतात, खाली कुठे पडलं ते कुणी बघत नाही.

आपल्यापैकी ज्यांचा करंजाड्याला, नेऱ्याला, वावंज्याला किंवा आणखी कुठे प्लॉट आहे, त्यांनी भाऊबीज झाली की एक फेरी मारावी. स्वतः जाणं जमत नसेल तर तिथल्या कुणाला तरी पैसे पाठवून गवत कापून घ्यावं आणि कापल्याचा फोटो मागवावा. शेजारच्या प्लॉटच्या मालकाचा नंबर मिळाला तर त्यालाही फोन करावा. आग दिसली तर अग्निशमनला १०१ आणि डोंगराकडची असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. देवदिवाळीनंतर गवत एवढं सुकतं की कापणाऱ्याच्या यंत्रातून उडालेली ठिणगीही पुरते, तेव्हा हे काम त्याच्या आत उरकावं, आणि त्यानंतरची कापणी सकाळच्या दवातच करावी.